मेंदूसाठी एक रकाना : देहदानाचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना खुले पत्र

महाराष्ट्रात गावोगावी देहदान आणि नेत्रदानाचं काम करणाऱ्या मित्रांनो,

स. न. वि. वि.

माझ्या वडिलांचा देहदानाचा फॉर्म तुमच्यापैकीच एकाने भरून घेतला होता. साताऱ्याला, आमच्या घरी. उन्हाळ्यातली दुपार होती, पन्हं देऊन झालं होतं. अण्णांना पार्किन्सन्स होऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. त्यांनी पेन घेतलं, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि बऱ्याच वेळाने जी सही उमटली ती तांदळाच्या दाण्याखाली झाकली जाईल एवढी होती. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं मास्तर. त्यांचं फळ्यावरचं अक्षर शेवटच्या बाकावरच्या पोरालाही आरामात वाचता यायचं. अक्षर बारीक होत जाणं हे या आजाराचं ठरलेलं लक्षण आहे. त्यापायी एका बँकेने पेन्शनची विड्रॉल स्लिप दोनदा परत पाठवली होती, म्हणून आमच्या घरात सही हा जरा नाजूक विषय.

फॉर्मवर देहदान, नेत्रदान, त्वचादान असे रकाने होते. अण्णांनी तो मास्तरांच्या सवयीने मागच्या बाजूसकट वाचला आणि विचारलं, "मेंदूचं कुठं लिहायचं?"

तुमचा कार्यकर्ता भला माणूस. तो म्हणाला, "अण्णा, देह दिला म्हणजे मेंदू आलाच की त्यात."

हे सगळं पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे. देहाबरोबर मेंदू येतो खरा, पण पार्किन्सन्सच्या संशोधकाला हवा तसा तो येत नाही.

अण्णांच्या डोक्यात हे खूळ मी घातलं होतं. मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. निदान झालं त्या वर्षी मी, सगळेच करतात तसं, रात्र रात्र वाचत बसले. त्यात मला ओलेह हॉर्निकेविच हा माणूस सापडला, आणि अण्णा सकाळी साडेसहाला चहाच्या आधी जी पहिली सिंडोपा, म्हणजे पार्किन्सन्सची गोळी, घ्यायचे ती कुठून आली ते कळलं.

हॉर्निकेविच १९२६ साली ल्विव्हजवळच्या गावात जन्मले. तेव्हा तो मुलूख पोलंडचा होता, आज युक्रेनचा आहे. वडील धर्मगुरू. १९३९ मध्ये सोव्हिएत फौजा आल्या तसं हे कुटुंब सगळं मागे टाकून ऑस्ट्रियात पळालं. पोराने व्हिएन्नाला १९५१ मध्ये डॉक्टरकी पुरी केली, पण दवाखाना न थाटता औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिरला. १९५६ मध्ये शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेला. तिथे ब्लाश्को नावाचे गुरू भेटले. डोपामिन या शरीरातल्या रसायनाला त्या काळी कुणी विचारत नव्हतं. नॉरअ‍ॅड्रेनलिन हे दुसरं रसायन तयार होताना मध्ये लागणारी एक पायरी, एवढीच त्याची पत. ब्लाश्कोंना मात्र वाटायचं की या पायरीला स्वतःचंही काही काम असावं. हॉर्निकेविचनी गिनीपिगच्या रक्तदाबावर ते तपासलं. नॉरअ‍ॅड्रेनलिनने दाब चढतो, तर डोपामिनने उतरला. म्हणजे त्याचं काम वेगळं होतं.

त्याच सुमारास स्वीडनमध्ये आर्व्हिद कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिलं. ससे कान पाडून निपचित बसले. मग डोपामिन ज्यापासून बनतं तो डोपा टोचला, आणि ससे उठून हिंडायला लागले. हे रिसर्पिन आपल्या सर्पगंधेतलं. सर्पगंधेकडे जगातल्या डॉक्टरांचं लक्ष वेधलं ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या १९४९ च्या लेखामुळे, रक्तदाबावरचं औषध म्हणून. ते घेणाऱ्या काही माणसांत पार्किन्सन्ससारखी लक्षणं दिसायची. अण्णांना हा भाग फार आवडायचा. "म्हणजे आपली मुळी त्या सशांच्या पोटात," असं म्हणून ते हसायचे. हसू चेहऱ्यावर फारसं उमटायचं नाही, कारण या आजारात चेहऱ्याचे स्नायूही आखडतात. आम्हाला ते आवाजावरून ओळखावं लागायचं.

आता मुद्द्याचं. ससे झाले, कुत्र्यांच्या मेंदूत डोपामिन नेमकं कुठे साठतं तेही दुसऱ्यांनी दाखवलं होतं. पुढचं पाऊल म्हणून कुणीही आणखी उंदीर मागवले असते. हॉर्निकेविच १९५८ मध्ये व्हिएन्नाला परतले आणि थेट माणसाच्या मेंदूकडे वळले, पार्किन्सन्सने मेलेल्या माणसाच्या. व्हिएन्ना हे त्यासाठी योग्य गाव होतं. मृत्यूनंतर शवविच्छेदन करण्याची तिथली परंपरा शंभर-दीडशे वर्षांची. कुठल्या हॉस्पिटलात पार्किन्सन्सचा पेशंट गेला की मेंदू मिळू शकायचा.

हर्बर्ट एहरिंगर या तरुण सहकाऱ्याबरोबर ते डोपामिन मोजत होते. पद्धत साधी, आयोडीन वापरून रंग आणायची. माझ्यासारख्या प्रॅक्टिकल घेणाऱ्या बाईला ती लगेच डोळ्यांसमोर येते. मेंदूच्या खोल भागातला, स्ट्रायटमचा, लहानसा तुकडा घ्यायचा, त्याचा अर्क काढायचा, त्यावर रसायनं टाकायची. डोपामिन असेल तर गुलाबी रंग चढतो. निरोगी मेंदूच्या नळीत गुलाबी आला. पार्किन्सन्सच्या नळीत जवळजवळ काहीच आलं नाही. आकडा काढायला यंत्र होतंच, पण त्याच्याकडे जाण्याआधी उत्तर हातातल्या नळीत दिसत होतं. डोपामिनची तूट मी नुसत्या डोळ्यांनी पाहिली, हे पुढे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

१९६० च्या डिसेंबरात जर्मन भाषेत छापून आलेल्या त्या लेखाचा हिशोब नीट बघा. हालचालींच्या विकारांचे चौदा मेंदू. त्यांतले सहा पार्किन्सन्सचे, दोन हंटिंग्टन या दुसऱ्या आजाराचे, बाकीचे सहा कारण न कळलेल्या विकारांचे. डोपामिन घसरलं होतं ते फक्त पार्किन्सन्सच्या सहांत. आणि हे सगळं ताडून बघायला ज्यांना मेंदूचा काहीही आजार नव्हता अशा माणसांचे मेंदू किती? सतरा. हा सतराचा आकडा लक्षात ठेवा, मी त्याकडे परत येणार आहे.

यापुढे सरळ विचार केला. डोपामिन कमी आहे तर द्यावं. पण रक्तातलं डोपामिन मेंदूत शिरत नाही, डोपा शिरतो. हॉर्निकेविचनी आपल्याजवळचा लेव्होडोपा, म्हणजे डोपाचंच एक रूप, व्हिएन्नाच्याच वाल्टर बिर्कमायर या न्यूरॉलॉजिस्टना दिला. महिनोन् महिने चालढकल झाल्यावर जुलै १९६१ मध्ये पहिली इंजेक्शनं दिली गेली. अंथरुणातून उठून बसता न येणारे उठले, उभे राहिलेले पण पाऊल न टाकता येणारे चालले, काही चक्क धावले. तोंडातल्या तोंडात पुटपुटणाऱ्यांचा आवाज मोकळा झाला. परिणाम काही तासच टिकला. पोटातून हळूहळू वाढवत मोठा डोस देण्याची युक्ती न्यूयॉर्कमध्ये कोत्झियास यांनी १९६७ मध्ये काढली, तेव्हा ते रोज घेण्याजोगं औषध झालं. त्यात पुढे कार्बिडोपाची, म्हणजे लेव्होडोपा मेंदूत पोचेपर्यंत टिकवणाऱ्या औषधाची, जोड मिळाली. आपल्याकडच्या पेशंटच्या डबीतल्या गोळीत हीच जोडी असते.

इथे एक विषयांतर करते, कारण तुम्ही घरोघर जाता. अण्णांना निम्म्या आळीने खाजकुयलीचं चूर्ण सुचवलं होतं. त्यात तथ्य आहे. खाजकुयलीच्या बियांतून लेव्होडोपा वेगळा काढल्याचा लेख मद्रासच्या संशोधकांनी १९३७ सालीच लिहिलाय. पण म्हणूनच ते चूर्ण डॉक्टरांना न सांगता गोळीच्या जोडीला घेणं म्हणजे एकच औषध दोनदा घेणं. अण्णांचे हातपाय एका दिवाळीत असे काही वळायला लागले की आम्ही घाबरलो. मग कळलं, शेजारच्या काकांनी आणून दिलेली पुडी रोज दुधातून चालू होती.

हॉर्निकेविच एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. ते साठीच्या दशकाच्या अखेरीस टोरांटोला गेले आणि तिथे मानवी मेंदूवर काम करणारी प्रयोगशाळा उभी केली. १९७६ मध्ये व्हिएन्नाला परत आले तरी टोरांटोचं काम सुटलं नाही. स्ट्रायटमच्या कुठल्या भागातलं डोपामिन आधी संपतं आणि कुठलं बरंचसं टिकतं, हा नकाशा त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १९८८ मध्ये छापला. साधारण ऐंशी टक्के डोपामिन संपेपर्यंत माणसाला बाहेरून काही जाणवत नाही, हेही अशाच मेंदूंवरून कळलं. म्हणजे अण्णांचा उजवा अंगठा शाळेच्या निरोपसमारंभात पहिल्यांदा हलला, तेव्हा गोष्ट बरीच पुढे गेली होती. २०१४ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, हॉर्निकेविचच्या नावावर आणखी एक शोधनिबंध आहे. पेशीतल्या ज्या सूक्ष्म पिशव्यांत डोपामिन साठवलं जातं त्या पिशव्याच पार्किन्सन्समध्ये नीट भरत नाहीत, असं त्यात दाखवलं आहे. त्या पिशव्या मेलेल्या माणसाच्या मेंदूतून शाबूत काढायच्या म्हणजे मेंदू किती लवकर हाती यायला हवा, विचार करा. २०२० मध्ये ते ९३ व्या वर्षी गेले.

या माणसाचा खुल्या पत्राशी जुना संबंध आहे. २००० सालचं नोबेल कार्लसन यांच्यासह तिघांना मिळालं आणि हॉर्निकेविचना वगळलं, तेव्हा दोनशेहून जास्त मेंदूशास्त्रज्ञांनी नोबेल समितीला जाहीर पत्र लिहून नाराजी कळवली. उपयोग झाला नाही. माझं मत विचाराल तर कार्लसननाही मिळायला हवं होतंच, पण सशावरून माणसावर उडी ज्याने मारली त्याला बाहेर ठेवणं मला पटत नाही. असो. मी नोबेल समितीला लिहीत नाहीये. तुमच्या हातात तिच्यापेक्षा जास्त आहे.

अण्णा गेल्या वर्षीच्या थंडीत पहाटे पावणेतीनला गेले. नेत्रपेढीची माणसं दोन तासांत आली, काम नेटकं करून गेली. त्यांचे आभार किती मानावेत. मग मी कपाटातून फॉर्मची प्रत काढली. सहीच्या शेजारी, समासात, अण्णांनी त्या दुपारी आणखी काही लिहिलं होतं ते मला माहीत होतं. "मेंदू – संशोधनासाठी." रकाना नव्हता म्हणून समास.

आठ वाजता मेडिकल कॉलेजात फोन केला. पलीकडचे गृहस्थ शांतपणे बोलले. "मॅडम, डोकं उघडलेली बॉडी आपण घेत नाही." कारण त्यांनी सांगितलं आणि ते पटण्यासारखं आहे. देह टिकवायचं रसायन रक्तवाहिन्यांतून भरतात. कवटी उघडली असेल तर ते तिथून गळतं, देह टिकत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांवरच्या संस्थेत १९९५ पासून मेंदूपेढी आहे हे मी वाचलेलं होतं. पण सातारा ते बंगळुरू सातशे किलोमीटरच्या वर, मेंदू काढणार कोण, कशात घालून नेणार, कुणाची परवानगी, हे सगळं सकाळी साडेनऊला, अंगणात माणसं जमलेली असताना, सुचून काय उपयोग? महाराष्ट्रात कुठे सोय आहे का म्हणून ओळखीच्या चार डॉक्टरांना विचारलं. एकालाही सांगता आलं नाही. आत्या तेवढ्यात पुढे आली. देहदानच तिला पटलेलं नव्हतं, त्यात हे. "डोकं उघडायचं? कपाळमोक्ष कॉलेजात करून घेणार का त्याचा?" मला त्या वेळी हसू आलं आणि मग खूप रडू आलं.

शेवटी देह दिला. मेंदू आलाच त्यात.

आता तो कुठे असेल ते मी कल्पनेने बघते. फॉर्मलिनमध्ये. पहिल्या वर्षाची मुलं एक दिवस त्याचा आडवा काप घेतील. मध्यमेंदूत दोन्ही बाजूंना एकेक काळसर पट्टा असतो, सबस्टँशिया नायग्रा, म्हणजे सरळ मराठीत काळा पदार्थ. याच पेशी डोपामिन बनवतात. पार्किन्सन्समध्ये त्या मरतात आणि पट्टा फिका पडतो. पॅरिसमध्ये ट्रेट्याकॉफ यांनी १९१९ सालीच हे दाखवलं होतं. अण्णांचा पट्टा नक्की फिका असेल. एखादी चौकस मुलगी सरांना विचारेलही, हा असा का? सरांना सांगता येणार नाही, कारण देहाबरोबर गेलेल्या कागदावर नाव, वय आणि मृत्यूचा दाखला होता. अकरा वर्षांची फाइल, कुठल्या वर्षी कुठला डोस, कधी भास व्हायला लागले, कुठल्या बाजूने आजार सुरू झाला, हे सगळं माझ्या कपाटात आहे.

फॉर्मलिनमधला मेंदू अगदी कुचकामी असतो असं मी म्हणत नाही. मेंदूपेढीतही साधारण अर्धा मेंदू फॉर्मलिनमध्येच ठेवतात, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला. पण दुसरा अर्धा ताजा असताना काप करून उणे ऐंशी अंशांवर गोठवतात. डोपामिन मोजायचं, प्रथिनं आणि जनुकांचं काम बघायचं, तर हा गोठवलेला अर्धा लागतो. आणि दोन्ही अर्ध्यांना अर्थ येतो तो फाइलमुळे. कॅनडातल्या सस्कॅटूनला अली राजपूत नावाच्या न्यूरॉलॉजिस्टनी पेशंटना वर्षानुवर्षं तपासलं, नोंदी ठेवल्या, आणि मृत्यूनंतर त्यांचेच मेंदू अभ्यासाला मिळवले. हॉर्निकेविचचं पुढचं बरंच काम अशा मेंदूंवर झालं. पेशंट, फाइल आणि मेंदू एकत्र असण्याला तिथे किंमत होती.

कुणी म्हणेल, परदेशात एवढे मेंदू जमा आहेत, आपले कशाला? तर ऐका. पाश्चात्त्य पेशंटांत पार्किन्सन्सशी जोडलेला एक नेहमीचा जनुकीय बदल भारतीय पेशंटांत फारच क्वचित सापडतो. आपला आजार थोडा वेगळ्या वाटेने येत असेल. मुंबईच्या पारशी कॉलन्यांमध्ये घरोघर जाऊन केलेली पाहणी १९८८ मध्ये छापली गेली. तीत लाखामागे ३२८ पेशंट सापडले. कोपऱ्यावरच्या कॉलनीत घरोघर जाऊन शोधणारे डॉक्टर आपल्याकडे तेव्हाही होते, देहाबद्दल उदार माणसं तर आहेतच. फक्त दोघांच्या मध्ये एक कागद नाही.

तो कागद तुमच्याकडे आहे. फॉर्मवर मेंदूचा रकाना घाला. तो भरणाऱ्याला तिथेच समजावून सांगा की आजच्या पद्धतीत मेंदू काढला तर बहुधा देह कॉलेजला देता येणार नाही, तेव्हा दोहोंतलं एक आधी ठरवावं लागेल, आणि ते घरच्यांसमोर ठरवावं. डोळे मात्र दोन्हीकडे देता येतात. आत्याला, म्हणजे सगळ्यांच्या आत्यांना, सांगा की काप डोक्याच्या मागच्या बाजूला केसांत घेतात, चेहरा जसाच्या तसा राहतो, घरच्यांना अंत्यदर्शन घेता येतं, आणि नंतर रीतीप्रमाणे अग्नी देता येतो. कपाळमोक्षासकट. जिल्ह्याच्या ठिकाणी पॅथॉलॉजिस्ट आहेत, त्यांतला एखादा रात्री-अपरात्री यायला तयार आहे का, मेंदू बर्फात घालून कुणी आणि कुठे पोचवायचा, हे मृत्यूच्या आधी ठरलेलं असू द्या. तुमच्या डायरीत नेत्रपेढीचा नंबर पहिल्या पानावर असतो, त्याच्या खाली या नंबराला जागा करा. आणि देह द्या की मेंदू, आजाराच्या फाइलची झेरॉक्स बरोबर गेलीच पाहिजे. याला तर कुणाची परवानगी लागू नये.

आणि तो सतराचा आकडा. आमच्या मदतगटात पेशंटला शुभार्थी म्हणतात, त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर. शुभार्थींना मेंदूदानाबद्दल सांगितलं की ते चटकन हो म्हणतात. आपल्याला छळणारी गोष्ट कुणीतरी नीट बघावी असं त्यांना वाटतं. पण एकट्या त्यांच्या मेंदूंनी भागत नाही. गुलाबी रंग आलेली नळी शेजारी नसती तर रंग न आलेल्या नळीला काय अर्थ होता? पार्किन्सन्सच्या सहा मेंदूंना सतरा निरोगी मेंदू लागले. म्हणजे रकाना शुभंकरांनी भरायचा आहे, फॉर्म घेऊन येणाऱ्या तुम्हीही भरायचा आहे. मी भरलाय. अर्थात समासातच.

या आजाराचं पहिलं वर्णन लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये लिहिलं. सहा पेशंट, त्यांतले काही तर त्यांनी नुसते रस्त्यात पाहिलेले. मेंदू उघडून बघायची संधी मिळाली नव्हती. म्हणून त्यांनी प्रस्तावनेतच शवविच्छेदन करणाऱ्यांना विनंती केली की या आजाराकडे लक्ष द्या. दोनशे वर्षांनंतर गोळी आहे, पण ती आजार थांबवत नाही. पेशी का मरतात याचं पक्कं उत्तर अजून नाही. अण्णांचा शेवटच्या वर्षातला दिवस दर अडीच तासांनी वाजणाऱ्या गजरावर चालायचा. गजर, गोळी, अर्धा तास वाट, मग तासभर माणूस, मग पुन्हा पुतळा.

सोबत अण्णांच्या फॉर्मची झेरॉक्स जोडली आहे, नाव आणि पत्ता झाकून. नवीन फॉर्म छापाल तेव्हा रकाना कुठे घालायचा ते त्यावरून दिसेल, उजवीकडे सहीच्या शेजारी. ओळ वाचायला भिंग घ्यावं लागेल.

आपली,
एका मास्तरांची मुलगी, सातारा